मुठीतली चिठ्ठी

एक नोव्हेंबरला दुपारी दोन वाजता रादिमने व्लास्ताच्या टेबलावर एक कागद ठेवला. लिंत्सच्या ग्राहकाची तक्रार आहे, चार दिवसांत निकालात काढ, एवढंच बोलून तो कॉफी आणायला गेला. रादिम मालक. व्लास्ता त्याची प्रोग्रॅमर. वयाने तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण मालक तो मालक.

ब्रनो शहरात, स्वितावा नदीच्या काठी एक जुनी लोकरीची गिरणी आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर यांची कंपनी. पन्नास वर्षांपूर्वी माग थांबले तरी पावसाळी हवेत भिंतींना ओल्या लोकरीचा वास सुटतो. कंपनीचं मुख्य उत्पादन एकच, त्याचं नाव 'हेर'. हेर म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम. सेकंदाला हजार वेळा तो चालत्या कामाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो: तू काय करतोयस? तुला या कामाला कोणी लावलं? आणि त्याला कोणी लावलं? असं विचारत तो थेट पहिल्यापर्यंत जातो. त्या उत्तरांची एक शिडी होते. कोणाच्या पायी वेळ फुकट जातोय ते शिडी सांगते. आणि एकदा शिडीने बोट दाखवलं की त्या माणसाची धडगत नसते, कारण माणसं खोटं बोलतात, यंत्र बोलत नाही, असं सगळे धरून चालतात.

ऑस्ट्रियातल्या त्या लिंत्सवाल्यांचं म्हणणं होतं की हेर एका जातीच्या प्रोसेसरवर शिडीतली एक पायरी गाळतो. खरं होतं ते.

गिरणीच्या तळघरात कंपनीची चार यंत्रं आहेत, चौघांचे प्रोसेसर चार जातींचे. शरदात टोपली घेऊन रानात अळंबी वेचायला गेला नाही तर चेक माणसाला गोड लागत नाही, तेव्हा यंत्रांची नावंही अळंब्यांचीच पडली. तीन खाण्याजोग्या. चौथी मुखोमूर्का, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, विषारी. छळते म्हणून तिला ते नाव.

आता काम करणारा प्रत्येक तुकडा, काम संपल्यावर परत कोणाकडे जायचं याची एक चिठ्ठी ठेवतो. पहिल्या तिन्ही यंत्रांत या चिठ्ठ्या एकावर एक रचलेल्या असतात, हेराने गठ्ठा उलगडला की झालं. मुखोमूर्काची रीत निराळी. तिथे सगळ्यात शेवटचा मजूर आपली चिठ्ठी गठ्ठ्यावर ठेवतच नाही, मुठीत धरून काम करतो. हेर गठ्ठा चाळतो, मूठ उघडून बघत नाही. मग शेवटच्या मजुराला ज्याने कामाला लावलं, नेमका तोच गळतो आणि त्याचं पाप त्याच्या मागच्याच्या माथी बसतं.

हे व्लास्ताला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून ठाऊक होतं. गोम तिथेच होती.

दोन वर्षांपूर्वी याच लिंत्सवाल्यांसाठी कंपनीने पार्सलं लावण्याचा एक प्रोग्रॅम केला होता. त्यातला 'फेरी' नावाचा तुकडा ओताकार बेद्नार्श ऊर्फ ओता या सहकाऱ्याने लिहिलेला. फेरी कामाला लावायची 'रचना'ला, आणि रचना लावायची 'तुलना' नावाच्या एका चिमुकल्या तुकड्याला. तुकड्यांना अशी घरगुती चेक नावं द्यायची खोड ओताची. आपण ती मराठीत म्हणू. रचना होती व्लास्ताची. ऐन नाताळच्या गर्दीत तो प्रोग्रॅम अडखळला, पार्सलं तुंबली, लिंत्सवाले अंगावर आले. मुखोमूर्कावर हेर बसवला, तर शिडी म्हणाली की तुलनेला लाखो वेळा विनाकारण राबवणारी ओताची फेरी आहे.

व्लास्ताने त्याच आठवड्यात मूठ हाताने उघडून पाहिली होती. आत तिची रचना होती. तिने मूठ पुन्हा मिटली आणि घरी जाऊन मुलीला बटाट्याची भजी तळून घातली.

ओता त्या वेळी एकसष्टचा. रादिमने त्याला गोड बोलून घरी पाठवायचं ठरवलं. आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी तळघरात, मुखोमूर्कासमोरच्या स्टुलावर बसल्या जागी त्याचं हृदय बंद पडलं. त्यानंतर व्लास्ता कधी तळघरात उतरली नाही. यंत्रांशी काय बोलायचं ते तारेवरून, वर बसून. गुडघे दुखतात म्हणायची.

आता हा कागद. दुरुस्ती केली की जुन्या नोंदी नव्या हेराने पुन्हा वाचल्या जाणार, आणि लिंत्सच्या शिडीवर जिथे ओता दिसत होता तिथे व्लास्ता दिसणार. नाही केली तर चार दिवसांनी रादिम विचारणार की इतकं सोपं काम तुझ्याच्याने का होत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशातली गत. तिने मनाशी बेत केला: दुरुस्ती करायची, आणि जुन्या नोंदी वरूनच पुसून टाकायच्या. कोणाला कळणार?

नोव्हेंबरात तिथे साडेचारला दिवस मावळतो. दुसऱ्या दिवशी दुशिच्की, म्हणजे मृतांचा दिवस. थडग्यांवर फुलं आणि दिवे न्यायचे म्हणून माणसं लवकर निघाली होती. रादिमही गेला. पाचच्या सुमाराला मजल्यावर व्लास्ता एकटी होती. खिडकीबाहेर नदीवरून धुकं चढलं होतं आणि पलीकडच्या ट्रामचे दिवे नुसते पिवळे डाग झाले होते.

दुरुस्ती झाली. मूठ उघडायला हेराला शिकवणं हे चाळीस ओळींचं काम. हे काम दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर काय झालं असतं, तो विचार तिने बाजूला ढकलला आणि हेर मुखोमूर्कावर सोडला. शिडी आली. तुलना, तिच्यामागे रचना, तिच्यामागे फेरी, मग सगळ्यांना कामाला लावणारा मुख्य. व्लास्ताची स्वतःची रचना तिथे ढळढळीत दिसत होती.

शिडीखाली एक चौकट असते. जी पायरी प्रोग्रॅममधल्या कुठल्याच तुकड्याची नाही, ती हेर त्या चौकटीत टाकतो. चौकट एरवी रिकामी असते. आज तिच्यात एक ओळ होती.

तळघर.

व्लास्ताने सगळा कोड धुंडाळला. तळघर नावाचा तुकडा कोणी लिहिलाच नव्हता. ओताच्या जुन्या कामातही नव्हता, पण नाव ओताच्या धाटणीचं होतं. दुरुस्तीत चूक राहिली असेल, मूठ उघडताना भलताच कचरा उचलला गेला असेल, असं म्हणत तिने हेर पुन्हा चालवला. चौकटीत आता दोन ओळी होत्या. खाली तळघर, त्यावर जिना.

कचऱ्याला असं सुसंगत बोलता येत नाही. हे तिला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्याच वेळी तिला वास आला. लसणाचा. तळलेल्या पावावर कच्चा लसूण घासून खायची ओताची रोजची न्याहारी, आणि त्यावरून मजलाभर त्याची टिंगल व्हायची. दोन वर्षांत हा वास या मजल्यावर कधी आला नव्हता. तिने खिडकी उघडली. धुकं आत आलं, वास गेला नाही.

तिसऱ्यांदा चालवायचं कारण नव्हतं. तरी तिने चालवलं, जसं दुखऱ्या दाताला जीभ लावल्यावाचून राहवत नाही.

बोळ. जिना. तळघर.

शिडी वाचायची या लोकांची रीत अशी की ज्याने सुरुवात केली तो तळाशी आणि आत्ता काम करतोय तो माथ्यावर. खालून वर वाचत जायचं. तळघरातून निघाला, जिना चढला, बोळात आला. तिसऱ्या मजल्यावर बोळ एकच आहे आणि त्याच्या टोकाला दार एकच आहे. ते व्लास्ताच्या पाठीशी होतं.

"कोण आहे..." ती म्हणाली.

तिच्या बोटांनी चौथ्यांदा कळ दाबली. ती दाबायला बोटांना कोणी सांगितलं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

दार. बोळ. जिना. तळघर.

आणि तिने ऐकलं. सपातांचा आवाज. तिथल्या ऑफिसात बाहेरचे जोडे कोणी आत आणत नाही, सगळे सपाता घालतात, तेव्हा सपातांचा आवाज ही काही भिण्याची गोष्ट नव्हे. पण मजल्यावर दुसरं माणूस नव्हतं. फट... फट... अगदी दाराशी सुरू झाला, मग लांब गेला, मग जिन्याच्या बाजूला पुसट होत होत थांबला. आला आणि दारातून परत फिरला, असं तिला वाटलं. तिने देवाचं नाव घेतलं. घरात तिच्या आजीनंतर ते कोणी घेतलं नव्हतं.

दहा मिनिटं ती हललीही नाही. मग कोट घेऊन, जोडे हातात धरून जी धावली ती थेट खाली फाटकाशी. फाटकावर प्रोकोप बसतो, सत्तरीचा म्हातारा, चहात स्लिवोवित्से, म्हणजे प्लमची दारू, घालून पिणारा. तळघराची किल्ली त्याच्या ताब्यात.

"इंजिनीरबाई, किल्ली न घेताच खाली गेलात होय?" त्याने विचारलं. "मी हाक मारली, तर मान वळवायलाही तुम्हाला जड."

"मी वरच होते, प्रोकोपकाका."

"मग तुमची जुळी बहीण असेल. स्वेटर मात्र हाच होता, करडा." तो हसला आणि कप पुढे केला. "घ्या घोटभर. तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं."

व्लास्ताने घोट घेतला. म्हाताऱ्याला धड दिसत नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, असं ती ट्राममध्ये बसून स्वतःला समजावत राहिली. म्हाताऱ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यातच झालं होतं. वर्गणी तिनेही दिली होती.

रात्रभर तिला एकच विचार. तो येतोय. दोन वर्षं थांबला आणि जिथे त्याचा मान गेला त्याच शिडीवरून एकेक पायरी चढत येतोय. नोंदी पुसल्या तर तो थांबेल का? नाही थांबणार. खरं सांगितलं तर थांबेल. उजाडता उजाडता तिने ठरवलं आणि ठरवल्यावर तिला रडू आलं, सुटल्यासारखं.

सकाळी तिने दुरुस्ती पाठवली. या लोकांत दुरुस्तीच्या तळाशी सह्या असतात: खोट कोणी दाखवली, काम कोणी केलं, तपासलं कोणी. खोट दाखवणारा म्हणून तिने ओताकार बेद्नार्शचं नाव घातलं, कारण जाण्याआधी त्याने तिला पत्राने हेच कळवलं होतं आणि तिने 'आमच्याकडे असं दिसत नाही' असं दोन ओळींचं उत्तर दिलं होतं. मग लिंत्सला आणि रादिमला वेगळं पत्र: दोष फेरीचा नव्हता, रचनेचा होता, रचना माझी होती, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं.

रादिमने तिला खोलीत बोलावलं. ती उभीच राहिली.

"दोन वर्षांनी साक्षात्कार झाला तुला?" तो म्हणाला. तोंडात रोहलिक पाव होता. "लिंत्सचा तो भांडखोर माणूस केव्हाच दुसरीकडे गेला. नवीन बाईने लिहिलंय, 'धन्यवाद, दुरुस्ती मिळाली.' बस. तुझं बाकीचं पत्र तिने वाचलंसुद्धा नसेल."

"आणि ओता?"

"ओताला मी तसंही पाठवणारच होतो, बाई. महाग पडत होता. शिडी निमित्ताला बरी सापडली."

ज्या धोंड्याखाली ती दोन वर्षं चेंगरत होती, तो धोंडा कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. तिला शिक्षा हवी होती. मिळालं काय, तर दुपारची सुट्टी. रादिम म्हणाला, जा, आज दुशिच्की आहे, कबरीवर दिवा लावून ये, बरं वाटेल.

लिशेनच्या दफनभूमीत तीनच्या सुमाराला आभाळ राखी होतं आणि माणसांची रीघ होती. शेवंतीचा कडवट वास, वितळत्या मेणाचा वास. लाल काचेतला दिवा छातीशी धरून व्लास्ता ओताच्या थडग्यापाशी गेली. तिथे त्याची बायको लिबुशे गुडघ्यांवर बसून ब्रशने दगड घासत होती. दोघींची भेट ओताला मातीत ठेवलं त्या दिवशी झाली होती, त्यानंतर आजच. व्लास्ताने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. शिडी, मूठ, रचना, गप्प बसणं. पाठ केलेलं भाषण होतं, मध्ये कुठे अडली नाही.

लिबुशे घासत राहिली. "हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "नोकरी जाणार हे कळलं त्याच दिवशी सूप पिताना त्याने सांगितलं. म्हणाला, रचना व्लास्ताची आहे, पण तिचा नवरा पळालाय आणि पदरात पोरगी आहे. मला काय, दोन वर्षांत पेन्शन."

"म्हणजे त्यांनी मला..."

"माफ केलं असेल. तो तसाच होता, गाढव. मला कोणी विचारलं नव्हतं." तिने ब्रश बादलीत बुडवला. "पण त्यावरून मी तुमच्याशी भांडणार नाही. नोकऱ्या जातात. मला दुसरंच विचारायचंय. बरं झालं आलात."

मग तिने शेवटच्या दिवसाचं काढलं. दुपारी दोनला रादिमने निरोपाचा बेत ठेवला होता, ख्लेबिचकी मागवल्या होत्या, पावाच्या चकतीवर अंडं, हॅम, काकडी लावलेल्या. सगळे जमले आणि ओता खाली यंत्रांचा निरोप घेत बसलेला. संध्याकाळी प्रोकोप कुलूप लावायला गेला तेव्हा तो सापडला. डॉक्टर लिबुशेला म्हणाले होते की गडी लगेच गेला नाही. निदान दोन तास तो तिथे होता, बोलता येत नसेल, पण होता. कोणी वेळेवर खाली उतरलं असतं तर आज तो इथे नसता, घरी लसूण घासत बसला असता.

"रादिम मला शपथेवर सांगतो," लिबुशे म्हणाली, "की अडीच वाजता त्याने कोणालातरी ओताला आणायला पाठवलं होतं. त्या माणसाने येऊन सांगितलं, 'येतोय म्हणाला.' म्हणून सगळे निवांत खात बसले. पाठवलं कोणाला, ते रादिमला आठवत नाही म्हणे. प्यायला होता. तुम्हाला आठवतं?"

शेजारच्या थडग्यापाशी कोणीतरी लहान मुलाला दिवा कसा धरायचा ते शिकवत होतं.

रादिमने पाठवलं होतं व्लास्ताला. ती तिसऱ्या मजल्यावरच्या दारापर्यंत गेली होती. ओताच्या डोळ्यांकडे बघायचं कसं, तेही त्या अरुंद तळघरात, दोघंच असताना, या विचाराने तिचा पाय दाराबाहेर पडला नाही. दारातच पाच मिनिटं उभी राहून ती परत आली, थाळीतली अंड्याची एक चकती उचलली आणि म्हणाली, येतोय म्हणाला. ती कधी खाली गेलीच नव्हती. हे तिने मुलीला सांगितलं नव्हतं, चर्चमधल्या पाद्र्याला सांगितलं नसतं, आणि सकाळी जे पत्र लिहिलं त्यातही ही ओळ नव्हती.

लिबुशे वर बघत होती. तिच्या हातांना गार पाण्याने लाली आली होती.

"नाही," व्लास्ता म्हणाली. "मला आठवत नाही."

"बरं." लिबुशेने पुन्हा ब्रश उचलला. "दिवा घेऊन जा तो. इथे जागा नाही."

जागा होती. व्लास्ता दिवा घेऊन ट्राममध्ये बसली. मनातल्या मनात ती लिबुशेला उत्तरं देत होती. आता सांगून काय होणार? मेलेला माणूस परत येतो का? जे सांगायचं ते सांगितलं, ज्याच्यापायी त्याची नोकरी गेली ते जगजाहीर केलं, माणसाने आणखी किती करायचं? घरी जायच्या ऐवजी ती गिरणीकडे वळली. तिला चौकट बघायची होती. चौकट रिकामी दिसली की संपलं, मग ती जेवणार होती आणि झोपणार होती.

फाटकावर प्रोकोप नव्हता, तोही कुठेतरी दिवा लावायला गेला असेल. जिन्याने वर जाताना तिने तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं नाही. मजला रिकामा होता. सवयीने तिने जोडे काढले, सपाता घातल्या, दिवा टेबलावर ठेवला आणि हेर मुखोमूर्कावर सोडला.

शिडी नीट आली. चौकटीत पाच ओळी होत्या.

व्लास्ता. दार. बोळ. जिना. तळघर.

ती खालून वर वाचत गेली. तळघरातून निघाला, जिना, बोळ, दार, आणि आता तिच्यापाशी पोचला. तिने डोळे मिटले. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंच वाटलं. येऊ दे. बोलू दे त्याला काय बोलायचं ते.

"ओता," ती हळूच म्हणाली. "इथेच आहे मी... ये."

कोणी आलं नाही. लसणाचा वास नव्हता, ओल्या लोकरीचा होता. पलीकडे ट्राम घसटत वळली. व्लास्ताने डोळे उघडले आणि पुन्हा चौकटीकडे पाहिलं, आणि तेव्हा तिला एक साधी गोष्ट आठवली. शिडीचा क्रम प्रोग्रॅमर लोकांच्या रीतीचा असतो, सुरुवात तळाशी. पण ही चौकट तिने स्वतः लिंत्सवाल्यांसाठी बांधली होती. ते व्यापारी माणसं, त्यांना सुरुवात वर लागायची, वरून खाली वाचायला सोपं म्हणून. चौकटीचा क्रम तिनेच उलटा लावला होता, आणि काल चार वेळा ती चौकट वाचताना हाताच्या सवयीने खालून वर वाचत गेली होती.

वरून खाली. व्लास्ता निघते. दारातून बाहेर पडते. बोळातून जाते. जिना उतरते. तळघरात पोचते.

वर कोणी येतच नव्हतं. काल सपातांचा आवाज दाराशी सुरू होऊन जिन्याकडे गेला होता. आणि म्हाताऱ्याला नीट दिसत होतं.

प्रत्येक ओळीपुढे हेर वेळ टाकतो, ज्या क्षणी त्याने खांद्यावर हात ठेवला ती. वेळेकडे सहसा कोणी बघत नाही, व्लास्तानेही बघितलं नव्हतं. आता तिने बोट ठेवून वाचलं. तारीख आजची, दोन नोव्हेंबर. व्लास्तापुढे पाच वाजून चार मिनिटं. दारापुढे पाच वाजून पाच. मग सहा, मग आठ. तळघरापुढे पाच वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला सात कमी होते. तिने मनगटावरचं पाहिलं, तेही तेच सांगत होतं.

पळायला वेळ भरपूर होता. तिने हेर बंद केला, कोट चढवला, पिशवी काखेला मारली. मग ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली. दार, त्यापुढे बोळ, त्यापुढे जिना. घरी जायलाही वाट तीच होती.